विटा (शस्त्र)

विटा (पुल्लिंगी, अनेकवचन विटे, दुसरे रूप इटा) हा मराठ्यांच्या वापरात असलेला आखूड, हलका आणि दोरी बांधलेला फेकभाला होय. त्याची लांबी साधारणपणे ५ फूट, म्हणजे सुमारे दीड मीटर असे. दांड्याच्या बुडाशी जवळजवळ तेवढ्याच लांबीची बळकट दोरी बांधलेली असे व तिचे दुसरे टोक चालवणाऱ्याच्या मनगटाला गुंडाळलेले असे. विटा शत्रूवर फेकल्यानंतर हिसका देऊन तो परत हातात घेता येई. विटा चालवणाऱ्या शिपायास विटेकरी किंवा इटेकरी म्हणत. सतराव्या व अठराव्या शतकांतील मराठी लष्करी जीवनाशी हे शस्त्र निगडित आहे. आज ते मुख्यतः कोल्हापूर परिसरातील मर्दानी खेळांत पाहावयास मिळते.

फेकून मारण्याच्या भाल्याची एक मूळ अडचण जगभर सारखीच आहे. भाला हातातून सुटला की योद्धा निःशस्त्र होतो, आणि नेम चुकल्यास तोच भाला उचलून शत्रू उलट फेकू शकतो. निरनिराळ्या समाजांनी या अडचणीवर निरनिराळे उपाय शोधले. शस्त्र दोरीने हाताशी बांधून ठेवणे हा मराठ्यांचा उपाय होता, आणि विट्याचे वेगळेपण त्यातच आहे.

नाव आणि शब्दरूपे

विटा व इटा ही एकाच शब्दाची दोन रूपे आहेत. मराठीच्या अनेक बोलींत शब्दाच्या आरंभीचा ‘वि’ हा ‘इ’ असा उच्चारला जातो. वाशीम, अकोला, अमरावती या भागांतील वऱ्हाडी बोलीत हा विशेष ठळकपणे आढळतो. तेथे विळा हा इळा होतो, विहीर ही इहीर होते, विचाराचा इचार होतो आणि वीस हे ईस होतात. विटा–इटा व विटेकरी–इटेकरी या जोड्या याच नियमात बसतात. त्यामुळे जुन्या लेखनात ‘इटेकरी’ असा शब्द आढळल्यास तो निराळ्या शस्त्राचा शिपाई समजण्याचे कारण नाही.

विटेकरी हा शब्द मराठीतील ‘-करी’ प्रत्ययाने सिद्ध झाला आहे. पट्टा चालवणारा पटेकरी, धार म्हणजे तलवार चालवणारा धारकरी, त्याचप्रमाणे विटा चालवणारा विटेकरी. भाला धारण करणाऱ्यास मात्र भालाईत किंवा भालदार म्हणतात.

या शब्दाच्या बाबतीत तीन ठिकाणी गोंधळ होण्याचा संभव असतो.

पहिला गोंधळ ‘वीट’ या शब्दाशी होतो. भाजलेल्या मातीची वीट स्त्रीलिंगी असून तिचे अनेकवचन ‘विटा’ असे होते. ‘एक विटा’ म्हणजे भाला, तर ‘चार विटा’ म्हणजे बांधकामाच्या विटा. चार भाले सांगायचे असल्यास ‘चार विटे’ असे म्हणावे लागते. विठ्ठलाच्या संदर्भात संतसाहित्यात येणारे ‘विटेवर’ हे रूपही विटेचेच आहे.

दुसरा गोंधळ गावाच्या नावाशी होतो. सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्याचे मुख्य ठाणे असलेले विटा हे शहर हा स्वतंत्र विषय आहे.

तिसरा गोंधळ ‘हेटकरी’ या शब्दाशी होतो. इटेकरी व हेटकरी ऐकायला जवळचे वाटले, तरी अर्थाने भिन्न आहेत. हेट म्हणजे खालचा प्रदेश. घाटाखालच्या कोकणातील शिपायांना हेटकरी म्हणत आणि त्यांची ख्याती बंदुकीच्या नेमबाजीबद्दल होती. म्हणजेच हेटकरी हे नाव प्रदेशावरून पडले आहे, तर इटेकरी हे नाव शस्त्रावरून पडले आहे.

रचना

विट्याचे तीन मुख्य भाग असतात: पाते, दांडा आणि दोरी.

पाते लोखंडी किंवा पोलादी असून टोकाला निमुळते असते. भाल्याच्या पात्याच्या मागच्या अंगाला सामान्यतः पोकळ नळी असते व तीत दांड्याचे टोक बसवले जाते. फेकण्याच्या भाल्यात वजनाचा तोल महत्त्वाचा असतो. पात्याकडील बाजू जड असल्यास भाला हवेत टोक पुढे ठेवून जातो. मागची बाजू जड झाल्यास तो आडवा होतो किंवा उलटतो.

दांडा लाकडाचा किंवा बांबूचा असतो. भारतातील भाल्यांच्या दांड्यांसाठी भरीव बांबूला पूर्वीपासून पसंती होती. मराठीत मानवेल किंवा नर बांबू म्हणून ओळखली जाणारी जात यासाठी प्रसिद्ध आहे. या जातीच्या बांबूचा गाभा बहुधा भरीव किंवा अगदी अरुंद पोकळीचा असतो. असा बांबू वजनाला हलका, लवचीक आणि चिवट असल्यामुळे आघाताने सहजासहजी मोडत नाही. विदर्भाच्या जंगलांत, विशेषतः चंद्रपूर व गडचिरोली भागांत, ही जात मोठ्या प्रमाणावर आढळते. पुढे ब्रिटिश घोडदळानेही आपल्या भाल्यांसाठी याच बांबूचे दांडे वापरले.

दोरी हा विट्याचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. ती दांड्याच्या बुडाला पक्की बांधलेली असते. दोरी बुडाला बांधण्यामागे साधे कारण आहे. ती मध्यभागी बांधली असती, तर ताणली जाताच भाला आडवा वळला असता. बुडाला बांधल्यामुळे दोरी भाल्याच्या मागे सरळ रेषेत जाते, टोकाची दिशा बिघडत नाही आणि परत ओढताना पाते ज्या वाटेने शिरले त्याच वाटेने बाहेर येते.

चालवण्याची पद्धत

विटा दोन प्रकारे वापरता येतो. हातात धरून भोसकण्यासाठी तो आखूड भाल्यासारखा उपयोगी पडतो, तर अंतर राखून वार करावयाचा असल्यास तो फेकता येतो. फेकण्यापूर्वी दोरीचे टोक मनगटाला गुंडाळलेले असते आणि उरलेली दोरी मोकळी ठेवलेली असते, म्हणजे विटा सुटताना ती अडकत नाही. वार झाल्यावर हात झटक्याने मागे घेतला की विटा परत येतो.

विट्याचा पल्ला त्याच्या मापांवरूनच ठरतो. ५ फुटांचा दांडा आणि ५ फुटांची दोरी धरल्यास दोरी पूर्ण ताणली गेल्यावर पात्याचे टोक मनगटापासून सुमारे १० फुटांवर असते. पुढे ताणलेल्या हाताची लांबी त्यात मिळवली, तर टोक शरीरापासून सुमारे १२ फुटांपर्यंत पोचते. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली गोष्ट अशी की, विटा हे दूरवर फेकण्याचे शस्त्र नाही. धनुष्यबाण किंवा बंदूक यांची जागा तो घेऊ शकत नाही. दुसरी गोष्ट अशी की, अवघ्या ५ फुटांच्या शस्त्राला तो १० फुटी भाल्याची पोच मिळवून देतो. तलवारीच्या टप्प्याबाहेर उभे राहून वार करणे आणि वार झाल्यावर पुन्हा सशस्त्र राहणे, हे दोन्ही लाभ त्यात एकत्र येतात.

१० फुटी भाला उघड्या मैदानावर व घोड्यावरून प्रभावी ठरतो. दाट झाडी, अरुंद घाटवाटा, गडाचे दरवाजे आणि पायऱ्यांची वळणे अशा ठिकाणी मात्र तो अडचणीचा होतो. सह्याद्रीच्या मुलखात आखूड दांड्याचे शस्त्र नेणे-आणणे सोपे असते. विट्याची रचना अशा मुलखाला सोयीची आहे.

या शस्त्राच्या मर्यादाही त्याच्या रचनेतूनच येतात. दोरी शत्रूच्या हाती लागली किंवा तलवारीने तोडली गेली, तर विट्याचा मुख्य फायदा संपतो. दोरी मनगटाला असल्यामुळे शत्रूने ती ओढल्यास विटेकऱ्याचा तोल जाण्याचा धोका असतो. विटा ढालीत किंवा झाडात रुतून बसला, तर हात अडकून पडतो. शिवाय फेकण्या-ओढण्यासाठी सभोवती मोकळी जागा लागत असल्यामुळे खांद्याला खांदा लावून उभ्या राहिलेल्या रांगेला हे शस्त्र सोयीचे नाही. थोडक्यात, विटा हे सुट्या, चपळ आणि दीर्घ सरावाने तयार झालेल्या शिपायाचे शस्त्र आहे.

मराठी लष्करात

मराठ्यांच्या लष्करी परंपरेत भाल्याला मानाचे स्थान होते. १८२६ साली मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध करणारा ब्रिटिश अधिकारी जेम्स ग्रँट डफ याने भाला हे मराठ्यांचे राष्ट्रीय शस्त्र असल्याचे नमूद केले आहे आणि भाला चालवण्यातील व घोडा फिरवण्यातील त्यांच्या कौशल्याची प्रशंसा केली आहे. मराठी बखरींतील शिपायांच्या वर्णनांत पटाईत, बंदुकी, तिरंदाज यांच्या जोडीने इटेकरी किंवा विटेकरी यांचाही उल्लेख येतो. त्यावरून विटा चालवणे ही स्वतंत्र ओळख असलेली विद्या मानली जात होती, हे दिसून येते.

मराठी फौजांचा भर अवजड सरंजामापेक्षा वेगवान हालचालींवर होता. १६७० साली सुरतेवरील दुसऱ्या स्वारीनंतर मराठी फौजा वऱ्हाडात उतरल्या आणि त्या वेळी श्रीमंत बाजारपेठ असलेले कारंजा (आजच्या वाशीम जिल्ह्यातील कारंजा लाड) त्यांनी लुटले. इतक्या लांब पल्ल्याच्या मोहिमांत प्रत्येक शिपायाच्या अंगावरील शस्त्राचे वजन महत्त्वाचे ठरते. फेकण्यासाठी पाच-सहा भाल्यांचा जुडगा बाळगण्याऐवजी पुन्हा पुन्हा वापरता येणारा एकच विटा बाळगणे अशा युद्धपद्धतीला अनुकूल होते.

इतर भारतीय भालाप्रकार

विटा समजून घेण्यासाठी त्याच्या भोवतालच्या भालाप्रकारांशी त्याची तुलना करणे उपयुक्त ठरते.

भाला हा सर्वसाधारण शब्द आहे. तो संस्कृत ‘भल्ल’ या शब्दापासून आला असून संस्कृतात भल्ल म्हणजे रुंद फाळाचा बाण असा अर्थ प्रचलित होता. बरची हा तुलनेने हलका भाला होय. सांग बहुधा संपूर्ण लोखंडी असते. बल्लम हा रुंद पात्याचा भाला असून त्याचा दांडा लाकडी असतो. नेजा हा शब्द फारसीतून आला आहे आणि तो मुख्यतः घोडदळाच्या लांब भाल्यासाठी वापरला जातो. जरीद हा घोडेस्वाराने फेकावयाचा आखूड भाला आहे. त्याचे नाव अरबी असून तुर्कस्तानातील ‘जिरीत’ या घोड्यावरील खेळाशी त्याचे नाते आहे.

प्राचीन भारतातही फेकण्याच्या व भोसकण्याच्या भाल्यांसाठी वेगवेगळे शब्द होते. कौटिलीय अर्थशास्त्रात आयुधागाराच्या प्रकरणात शक्ती, प्रास, कुंत, शूल व तोमर अशी टोकदार शस्त्रांची यादी दिली आहे. तोमर हे प्रामुख्याने फेकण्याचे शस्त्र समजले जाते.

बोथाटी हे विट्याच्या परंपरेतील जवळचे साधन आहे. बोथाटी म्हणजे सुमारे १० फूट लांबीचा सरावाचा भाला. त्याच्या टोकाला पात्याऐवजी कापडाचा गोळा बांधलेला असतो. टोक बोथट असल्यामुळे त्यास हे नाव मिळाले. घोडेस्वार बोथाटी घेऊन परस्परांशी सराव करीत. त्यात गोळ्याचा स्पर्श झाला की वार लागल्याचे मानले जाई. बोथाटीने लांब भाल्याची दिशा व अंतर यांचा अभ्यास होई. विट्यासाठी त्याशिवाय फेक आणि ओढ यांचाही सराव आवश्यक असे.

जगातील समांतर शस्त्रे

‘फेकलेले शस्त्र गेले’ या अडचणीवर जगात जे उपाय झाले, त्यांत विट्याचे स्थान कोठे आहे हे पुढील उदाहरणांवरून दिसते.

रोमन सैनिकांच्या ‘पीलम’ या फेकभाल्याला पात्यामागे लांब, बारीक लोखंडी सळई असे. ढालीत रुतल्यावर ही सळई अनेकदा वाकत असे. त्यामुळे शत्रूला भाला उपटता येत नसे व उलट फेकताही येत नसे. ज्यूलियस सीझरने गॉलमधील युद्धाच्या वृत्तांतात या परिणामाचे वर्णन केले आहे. रोमनांनी स्वतःचे शस्त्र परत मिळवण्यापेक्षा ते शत्रूला निरुपयोगी करण्यावर भर दिला.

प्राचीन ग्रीक योद्धे फेकभाल्याच्या दांड्याभोवती चामड्याचा पट्टा गुंडाळून त्याच्या फासात बोटे अडकवीत. पट्टा सुटताना भाल्याला वेग व फिरकी मिळत असे. येथेही भाल्याला दोर आहे, परंतु त्याचे काम भाला परत आणणे हे नसून तो दूर पाठवणे हे आहे. विट्याची दोरी याच्या नेमकी उलट काम करते.

मासे व सागरी प्राणी यांच्या शिकारीतील हार्पून हे विट्याला सर्वांत जवळचे उदाहरण आहे. हार्पूनला दोर बांधलेला असतो, तो शिकार निसटू नये म्हणून. युद्धशस्त्रांत मात्र मनगटाला बांधलेल्या दोरीचा भाला क्वचितच आढळतो.

असेगाईशी तुलना

दक्षिण आफ्रिकेतील फेकभाला ‘असेगाई’ या नावाने जगभर ओळखला जातो. झुलू लोकांच्या इतिहासात हा भाला आणि त्यात झालेले बदल यांना मोठे महत्त्व आहे. लांब दांड्याचा व लहान पात्याचा फेकण्याचा भाला ‘इसिजुला’ या नावाने ओळखला जातो. झुलू राजा शाका (सुमारे १७८७–१८२८) याने आपल्या सैन्यात आखूड दांड्याच्या व लांब-रुंद पात्याच्या भोसकण्याच्या भाल्याला प्राधान्य दिले. हा भाला ‘इक्ल्वा’ या नावाने प्रसिद्ध आहे. शरीरातून पाते उपसताना होणाऱ्या आवाजावरून हे नाव पडल्याचे सांगितले जाते. भाला फेकणारा योद्धा स्वतःच निःशस्त्र होतो, म्हणून शाकाने हातातून न सुटणारा भाला पुढे आणला, असे परंपरेने मानले जाते. शाकाच्या आधीही आखूड भाले होते आणि त्याच्यानंतरही फेकभाले वापरात राहिले, त्यामुळे हा बदल एका दिवसात झाला असे समजता येत नाही. २२ जानेवारी १८७९ रोजी इसांडलवाना येथे झुलू सैन्याने आधुनिक बंदुका बाळगणाऱ्या ब्रिटिश सैन्याचा पराभव केला, तेव्हा त्यांच्या शस्त्रांत ढाल आणि भाला हीच मुख्य होती.

अडचण एकच असताना उत्तरे मात्र दोन टोकांची निघाली. इक्ल्वाच्या मागे शस्त्र फेकूच नये हा विचार आहे. विट्याच्या मागे शस्त्र फेकावे, पण सोडू नये हा विचार आहे. इक्ल्वाला शिस्तबद्ध रांग आणि मोठी ढाल यांची जोड लागते. विट्याला मोकळी जागा आणि एकट्या शिपायाचे कसब लागते.

नावांच्या बाबतीतही या दोन शस्त्रांची तुलना उद्बोधक आहे. असेगाई हा शब्द झुलू भाषेतला नाही. त्याचे मूळ उत्तर आफ्रिकेतील बर्बर भाषेत आहे. बर्बर शब्दाला अरबी उपपद जोडून ‘अझ्-झगाया’ असे रूप झाले, ते पोर्तुगीज भाषेत ‘अझगाया’ म्हणून रूढ झाले आणि फ्रेंच व पोर्तुगीज मार्गांनी इंग्रजीत पोचले. पोर्तुगीज दर्यावर्दींनी आफ्रिकेच्या किनाऱ्यांवर पाहिलेल्या हलक्या भाल्यांना हेच नाव दिले. पुढे ते दक्षिण आफ्रिकेतील भाल्यांना आणि भाल्यांच्या दांड्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या कर्टिसिया डेंटाटा या वृक्षालाही चिकटले. झुलू भाषेत भाल्यासाठी ‘उमखोंतो’ हा सर्वसाधारण शब्द आहे. अशा रीतीने उत्तर आफ्रिकेतील एक शब्द परकीयांच्या लेखनामुळे खंडाच्या दुसऱ्या टोकाच्या शस्त्राचे नाव बनला.

विट्याचे तसे झाले नाही. इंग्रजी शस्त्रकोशांनीही ‘विटा’ हे मराठी नाव कायम ठेवले. परंतु त्याचे स्पष्टीकरण देताना त्यांनी बहुधा ‘लान्स’ हा शब्द योजला. लान्स म्हणजे घोडेस्वाराने हातात धरून चालवावयाचा लांब भाला. तो फेकला जात नाही. त्यामुळे असेगाईचे वर्णन बरोबर असले तरी नाव परके राहिले, तर विट्याचे नाव मूळचे राहिले तरी वर्णन अपुरे झाले.

ऱ्हास

अठराव्या शतकात बंदुका व तोफा यांचे महत्त्व वाढत गेले. उत्तरार्धात महादजी शिंदे यांच्यासारख्या मराठा सरदारांनी युरोपीय पद्धतीची कवायती पलटणे उभारली. रांगेत उभे राहून एकाच वेळी बार काढणाऱ्या पायदळाच्या युद्धात १०-१२ फुटांच्या पोचेचे वैयक्तिक शस्त्र मागे पडणे स्वाभाविक होते. संगीन लावलेली बंदूक स्वतःच आखूड भाल्याचे काम करू लागली. १८१८ मध्ये पेशवाईचा शेवट झाल्यावर मोठ्या प्रमाणावर शिपाई बाळगणारी मराठी सत्ताकेंद्रे कमी झाली आणि विटेकऱ्यांना लष्करी आश्रय उरला नाही.

यानंतरचा आघात कायद्याचा होता. ब्रिटिश हिंदुस्थानात १८७८ साली लागू झालेल्या शस्त्र कायद्यात ‘शस्त्रे’ या संज्ञेची व्याख्या विस्तृत होती. तीत बंदुका, संगिनी, तलवारी व खंजीर यांच्याबरोबर भाले, भाल्यांची पाती आणि धनुष्यबाण यांचाही समावेश होता. परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्यावर निर्बंध आल्यामुळे घरोघरच्या शस्त्रविद्येच्या सरावाला मर्यादा पडली. वडिलांकडून मुलाकडे किंवा वस्तादाकडून शिष्याकडे जाणारे कसब सरावाशिवाय टिकत नाही. पाते संग्रहालयात राहू शकते, परंतु दोरी किती मोकळी ठेवायची आणि हिसका नेमका केव्हा द्यायचा, हे हातानेच शिकावे लागते.

मर्दानी खेळांतील विटा

विट्याची विद्या पूर्णपणे लुप्त झाली नाही, याचे श्रेय तालमी व आखाडे यांना जाते. कोल्हापूर व आसपासच्या परिसरात मर्दानी खेळ या नावाने शस्त्रविद्येची परंपरा चालत आलेली आहे. लाठी-काठी, फरीगदगा, तलवार, दांडपट्टा, माडू, भाला, बोथाटी आणि विटा ही त्यांतील प्रमुख साधने होत. वस्तादाच्या देखरेखीखाली शिक्षणाची सुरुवात काठीपासून होते, कारण पायांची ठेवण आणि शरीराचा तोल प्रथम काठीवरच शिकवता येतो. धारदार व टोकदार शस्त्रे नंतर हाती दिली जातात.

शिवजयंती, दसरा आणि मिरवणुका अशा प्रसंगी मर्दानी खेळांची प्रात्यक्षिके होतात. मुलींचा व स्त्रियांचा सहभागही त्यांत असतो. प्रेक्षकांना दांडपट्ट्याची फिरत अधिक परिचित असते. विट्याच्या प्रात्यक्षिकासाठी मोकळे रिंगण लागते आणि दोरीची लांबी लक्षात घेऊन प्रेक्षकांना दूर ठेवावे लागते.

आधुनिक मैदानी क्रीडाप्रकारांतील भालाफेक आणि विटा यांत नावापलीकडे फारसे साम्य नाही. भालाफेकीत पुरुषांचा भाला किमान ८०० ग्रॅम वजनाचा व २.६० ते २.७० मीटर लांबीचा असतो आणि फेकीचे अंतर हाच यशाचा निकष असतो. ७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकमध्ये नीरज चोप्रा यांनी ८७.५८ मीटर फेक करून सुवर्णपदक मिळवले. विट्याची फेक काही फुटांचीच असते. तेथे कसोटी अंतराची नसून नेमाची आणि शस्त्र किती लवकर परत हाती येते याची असते.

भाषा व समाजजीवनात

युद्धातून भाला गेला तरी मराठी भाषेतून गेला नाही. भालेराव हे आडनाव, दरबारी थाटाचा निदर्शक असलेला ‘भालदार-चोपदार’ हा जोडशब्द आणि भाल्याच्या बळावर चाललेली बेबंदशाही या अर्थाचा ‘भालेराई’ हा शब्द ही त्याची उदाहरणे आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी भाला हा राजकीय प्रतीकही झाला. १९०५ साली भास्कर बळवंत भोपटकर यांनी पुण्यात ‘भाला’ हे पत्र सुरू केले आणि ते स्वतः ‘भालाकार’ या नावाने ओळखले जाऊ लागले. दक्षिण आफ्रिकेत १९६१ साली आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या सशस्त्र शाखेने ‘उमखोंतो वे सिझ्वे’, म्हणजे ‘राष्ट्राचा भाला’ हे नाव घेतले. त्या नावासाठी असेगाई हा परका शब्द न घेता आपल्या भाषेतला शब्द निवडला गेला, हे लक्षणीय आहे.

विटा या शब्दाला असे व्यापक आयुष्य लाभले नाही. सामान्य बोलण्यात हा शब्द आता विटांच्या ढिगाची किंवा सांगली जिल्ह्यातील शहराचीच आठवण करून देतो. शस्त्र या अर्थाने तो बखरींच्या वाचकांना, शस्त्रसंग्राहकांना आणि मर्दानी खेळांच्या वस्तादांना ठाऊक आहे. बखरी व जुनी कागदपत्रे वाचताना इटेकरी कोण आणि हेटकरी कोण, यांतला फरक समजण्यासाठी मात्र या शब्दाची ओळख आजही आवश्यक ठरते.